बर्फावरची शर्यत कोणाची?

वैशाखाच्या तोंडावर अंगाची लाही होत असताना बर्फावरून धावणाऱ्या गाड्यांच्या शर्यतींवर बोलावयास कोणी उभा राहिला, तर मंडळींच्या चेहऱ्यावर हसू येणे साहजिक आहे. आपल्यापैकी बहुतेकांनी बर्फ पाहिला तो रसवंतीगृहात, गोणपाटात गुंडाळलेला. त्यातून बोलणारा माणूस कामगार चळवळीतला. आमचे शाळेतले शिक्षण बेताचे. पुढचे सारे युनियनच्या कचेरीत, रात्री दिव्याखाली, हाती पडेल ते वाचून झाले. अशा माणसाला अमेरिका-कॅनडातल्या बर्फगाड्यांशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर म्हणजेच आजचा विषय.

उत्तर असे की, ही शर्यत ज्या गावांतून जन्मली ती कारखान्याची गावे आहेत. कारखाना चालला तेव्हा शर्यत फुलली, कारखाना बसला तेव्हा शर्यत कोमेजली. परंतु मौज अशी की, काही ठिकाणी कारखाना गेला तरी शर्यत राहिली. एखाद्या खेळाची आवड ओसरल्यावर ती पुन्हा कशी जागी होते आणि कोणाच्या बळावर जागी होते, हे पाहावयाचे असेल तर हे उदाहरण फार बोलके आहे.

आधी ही गाडी काय आहे ते पाहू. इंग्रजीत तिला स्नोमोबाईल म्हणतात. आम्ही सोयीसाठी बर्फगाडी म्हणू. पुढे दोन लांब पट्ट्या, ज्यांना स्की म्हणतात. हँडल फिरविले की त्या वळतात. मागे चाके नाहीत. त्यांच्या जागी रणगाड्याच्या साखळीसारखा एक रुंद रबरी पट्टा असतो, तो फिरत राहून बर्फ मागे सारतो आणि गाडी पुढे जाते. मऊ बर्फात चाक रुतते, पण रुंद पट्ट्यावर वजन पसरते म्हणून गाडी वर तरंगल्यासारखी राहते. इंजिनाची शक्ती पट्ट्यापर्यंत पोहोचते ती दोन कप्प्या आणि एक पट्टा यांच्याद्वारे. इंजिन जोरात फिरू लागले की पुढच्या कप्पीतली वजने बाहेर सरकतात, कप्पीच्या दोन बाजू जवळ येतात, त्यांच्यामधला पट्टा वर चढतो आणि वेग आपोआप वाढतो. गिअर बदलण्याची कटकट नाही. आपल्याकडच्या बिनगिअरच्या स्कूटरमध्ये हीच युक्ती आहे. ज्याने कारखान्यात शाफ्टवरचा पट्टा चढविला आहे त्याला तर हे समजावून सांगण्याचीही गरज नाही.

ही गाडी एका माणसाने एका दिवसात शोधली असे नाही. विस्कॉन्सिन राज्यातल्या सेनर गावी कार्ल एलियासन याने १९२४ मध्ये घसरगाडीला मोटार जोडली आणि १९२७ मध्ये तिचे पेटंट घेतले. कॅनडाच्या क्यूबेक प्रांतात व्हॅलकोर्ट या खेड्यात जोसेफ-आर्मांड बाँबार्डिये नावाचा मुलगा होता. त्याने १९२२ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, जुन्या फोर्ड मोटारीचे इंजिन आणि विमानासारखा पंखा घसरगाडीवर बसवून ती गावातून पळविली. पुढे हाच मुलगा मेकॅनिक झाला. १९३४ च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा पोटाच्या विकाराने आजारी पडला. रस्ते बर्फाने बंद. इस्पितळ दूर शेरब्रुकला. मूल दगावले. त्यानंतर तो अधिकच ईर्ष्येने कामाला लागला आणि पुढच्या तीन वर्षांत त्याने दात्यांच्या चाकावर फिरणारा पट्टा सिद्ध करून सात माणसांची बर्फमोटार बाजारात आणली. डॉक्टर, टपाल, शाळेची मुले यांना तिचा उपयोग होऊ लागला. १९४८ मध्ये क्यूबेक सरकारने खेड्यांचे रस्तेही हिवाळ्यात साफ ठेवण्याचे ठरविले, तेव्हा या मोठ्या गाड्यांचे गिऱ्हाईक आटले. बाँबार्डियेने मग लहान, एकदोन माणसांची हलकी गाडी तयार केली. १९५९ मध्ये ‘स्की-डू’ या नावाने ती निघाली. पहिल्या हंगामात अवघ्या २२५ गाड्या खपल्या.

सरहद्दीच्या अलीकडे, अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, रोझो नावाचे गाव आहे. तेथे शेतीची अवजारे बनविणारे एक लहानसे वर्कशॉप होते. एडगर हेटीन, त्याचा भाऊ ॲलन आणि डेव्हिड जॉन्सन हे त्याचे चालक. १९५६ च्या सुमारास त्यांनी जुन्या सामानातून बर्फगाडी जुळविली. हीच पुढची पोलॅरिस कंपनी. या गाडीवर लोकांचा विश्वास बसावा म्हणून एडगर हेटीनने १९६० च्या मार्चमध्ये अलास्कात बेथेलपासून फेअरबँक्सपर्यंत सुमारे बाराशे मैलांचा प्रवास करून दाखविला. त्यानंतर तो पोलॅरिसमधून बाहेर पडला आणि त्याच भागातल्या थीफ रिव्हर फॉल्स या गावी त्याने दुसरा कारखाना काढला. त्याचे नाव पुढे आर्क्टिक कॅट झाले. तीन लहान गावे आणि तीन कारखाने: हा सारा धंदा या तीन खांबांवर उभा राहिला.

आता शर्यतीकडे वळू. विस्कॉन्सिनमध्ये ईगल रिव्हर म्हणून दीड-दोन हजार वस्तीचे गाव आहे. भोवती तळीच तळी. उन्हाळ्यात मासे धरावयास आणि हवा खावयास शहरातले लोक येतात. हिवाळ्यात पूर्वी तेथे चिटपाखरू नसे. १९६४ च्या फेब्रुवारीत तेथल्या एका विश्रामगृहाच्या पुढाकाराने गोठलेल्या तळ्याच्या परिसरात बर्फगाड्यांची शर्यत भरविण्यात आली. हेतू साधा होता: हिवाळ्यात चार माणसे यावीत, खाणावळी आणि खोल्या भराव्यात. शर्यत दरवर्षी होऊ लागली, पुढे तिला जागतिक अजिंक्यपदाचा मान मिळाला, आणि ईगल रिव्हरचे नाव या खेळात पंढरीसारखे झाले.

ही शर्यत होते ती अर्ध्या मैलाच्या लंबवर्तुळाकार धावपट्टीवर. ही पट्टी मुद्दाम पाणी मारून, थरावर थर गोठवून तयार करतात. काचेसारखी गुळगुळीत आणि दगडासारखी कठीण. मऊ बर्फ तेथे उपयोगाचा नाही. गाडीच्या रबरी पट्ट्यात टोकदार खिळे ठोकलेले असतात आणि स्कीच्या खाली कठीण धातूची धार. वळणे सगळी डावीकडची, म्हणून गाडीही डाव्या अंगाला झुकेल अशीच बांधतात, आणि चालक तर डावीकडे इतका कलतो की त्याचे अंग बर्फाला घासते की काय असे वाटावे. सरळ रेषेत वेग ताशी शंभर मैलांवर जातो. पुढच्या गाडीचे खिळे बर्फ खरवडून काढतात आणि त्या पांढऱ्या धुळीत मागच्याला समोरचे काही दिसत नाही. १९७४ मध्ये येथे अजिंक्य ठरलेला क्यूबेकचा तरुण जिल व्हिलनव्ह पुढे फेरारीच्या मोटारी चालवून जगभर गाजला. पावसात, डोळ्यांपुढे पाण्याचा पडदा असताना, तो इतरांहून निर्धास्त असे. याचे श्रेय तो बर्फगाडीच्या शर्यतींना देई. १९८२ मध्ये बेल्जियममधल्या झोल्डर येथे मोटारीच्या अपघातात तो गेला. त्याचा भाऊ जॅक याने ईगल रिव्हरचे अजिंक्यपद १९८०, १९८२ आणि १९८६ असे तीनदा जिंकले.

दुसरी एक शर्यत निराळ्या हट्टातून निघाली. मिशिगन राज्यातल्या सू सेंट मेरी गावच्या मंडळींनी विचार केला की, इंडियानापोलिसला मोटारी पाचशे मैल धावतात, तर बर्फगाडी तितकी टिकेल काय? १९६९ च्या फेब्रुवारीत त्यांनी एक मैलाची बर्फाची पट्टी केली आणि पाचशे फेऱ्या लावल्या. पहिल्या विजेत्याला तेरा तासांहून अधिक वेळ लागला. वेग येथे दुय्यम. गाडी तुटता कामा नये आणि तुटली तर ती किती चटकन जोडता येते, यावर निकाल. म्हणजे ही शर्यत जितकी चालकाची, तितकीच पाना आणि हातोडी घेऊन थंडीत उभ्या असलेल्या मेकॅनिकांची. आमच्यासारख्याला ती विशेष आवडावी यात नवल नाही.

१९७० च्या सुमारास या धंद्याला भरती आली. शंभरावर कंपन्या गाड्या काढीत होत्या आणि १९७०-७१ च्या हंगामात उत्तर अमेरिकेत पाच लाखांच्या आसपास गाड्या खपल्या. रविवारी जिंकलेली गाडी सोमवारी दुकानात खपते, असा कारखानदारांचा हिशेब. म्हणून त्यांनी पगारी चालक ठेवले, खास शर्यतीच्या गाड्या बांधल्या, त्यांच्यासाठी वेगळे सामने सुरू केले. घरच्या गॅरेजात गाडी सजवून येणारा शेतकऱ्याचा पोरगा या गाड्यांपुढे कोठला टिकणार? तो हळूहळू स्पर्धकाचा प्रेक्षक झाला, आणि प्रेक्षकाचाही पुढे गैरहजर झाला.

मग ओहोटी लागली. १९७३ मध्ये तेलाचे संकट आले. काही हिवाळे कोरडे गेले. महागाई आणि व्याजाचे दर वाढले. कंपन्या एकामागून एक बुडाल्या. पोलॅरिसच्या संघातला एक चालक १९७८ मध्ये शर्यतीत मृत्यू पावला आणि कंपनीने आपला संघच मोडला. १९८१ हे साल तर काळे ठरले: फेब्रुवारीत आर्क्टिक कॅटच्या मालक कंपनीने दिवाळे जाहीर केले, त्याच साली पोलॅरिसच्या तेव्हाच्या मालक कंपनीने ती विकून टाकली आणि तिथल्याच अधिकाऱ्यांनी ती घेतली म्हणून ती वाचली. शर्यतीला लागणारा कारखान्यांचा पैसा आटला. त्या पैशावर उभे असलेले सामने बंद पडले.

येथे आम्हाला आपल्या गिरणगावाची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. लालबाग-परळच्या कबड्डीला गिरण्यांच्या संघांचा मोठा आधार होता. चांगल्या खेळाडूला गिरणीत नोकरी मिळे. खेळ आणि भाकरी एकाच दाराने येत. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला, गिरण्या पुढे बंद पडत गेल्या, आणि ते दारच बंद झाले. तरी कबड्डी मेली नाही. का मेली नाही? कारण गल्लीतले मंडळ होते, व्यायामशाळा होती, रात्री मैदान आखणारी आणि दिवे लावणारी बिनपगारी पोरे होती. गिरणीने खेळाला पैसा दिला होता. जीव दिला होता तो वस्तीने.

बर्फगाडीच्या शर्यतीचे नेमके हेच झाले. ईगल रिव्हरची शर्यत पुष्कळ वर्षे गावच्या लायन्स क्लबाने चालविली. नंतर ती एका शर्यतपटू कुटुंबाने हाती घेतली. सू सेंट मेरीची पाचशे मैलांची शर्यत गावकऱ्यांच्या समितीने आणि स्वयंसेवकांनी जिवंत ठेवली. मिनेसोटातल्या एका क्लबाने तर १९६७ मध्ये सप्टेंबर महिन्यात, बर्फ पडण्याच्या कितीतरी आधी, गवतावरच बर्फगाड्या पळविण्याची जत्रा सुरू केली. ‘हे डेज’ या नावाची ही जत्रा आजही भरते आणि हजारो लोक जमतात. ज्या क्लबांनी शर्यती टिकविल्या तशाच क्लबांनी हिवाळ्यातल्या वाटाही राखल्या. या वाटांचा मोठा भाग शेतकऱ्यांच्या खाजगी जमिनीतून जातो. दर वर्षी त्यांच्या दारी जाऊन परवानगी मागावी लागते, पाट्या रोवाव्या लागतात, रात्री यंत्राने वाट सारखी करावी लागते. हे काम जाहिरातीने होत नाही.

आता आवड पुन्हा जागी झाली ती कशी, ते थोडक्यात सांगतो.

पहिली गोष्ट, खर्चाला आळा. मधल्या काळात वरच्या दर्जाच्या शर्यतीत दोन पट्ट्यांच्या, अतिशय महागड्या गाड्या आल्या होत्या आणि स्पर्धक बोटांवर मोजण्याइतके उरले होते. शतक संपण्याच्या सुमारास ईगल रिव्हरच्या मुख्य शर्यतीसाठी एका पट्ट्याची आणि ४४० घनसेंटीमीटर इंजिनाची मर्यादा आली. मर्यादा घातली की खेळ लहान होतो असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात मर्यादेमुळे मैदानात उतरणाऱ्यांना जागा होते.

दुसरी गोष्ट, जुन्या गाड्या. शेतघरांच्या कोठारांत १९६० आणि १९७० च्या दशकांतल्या गाड्या गंजत पडल्या होत्या. लोकांनी त्या बाहेर काढल्या, दुरुस्त केल्या आणि त्यांच्या स्वतंत्र शर्यती सुरू केल्या. ईगल रिव्हरला जुन्या गाड्यांच्या अजिंक्यपदासाठी वेगळे दिवस राखलेले असतात. बापाने चालविलेली गाडी लेक जोडतो, आणि ज्या कंपनीचे नावही कोणाला आठवू नये तिची गाडी पुन्हा टाळ्या घेते.

तिसरी गोष्ट, मुले. १२० घनसेंटीमीटरच्या लहान गाड्यांवर मुलांच्या शर्यती ठेवल्या गेल्या. मूल धावले की आई, बाप, मामा, आजोबा सारे येतात; प्रेक्षक आणण्याचा याहून स्वस्त मार्ग नाही.

चौथी गोष्ट, खेळाचा नवा प्रकार. बर्फाचे उंचवटे करून त्यांवरून गाड्या उड्या घेत जातात, त्याला स्नोक्रॉस म्हणतात. १९९० नंतर तो वाढला आणि १९९८ मध्ये दूरचित्रवाणीवरच्या हिवाळी एक्स गेम्समध्ये गेला. तरुण पिढी याच वाटेने आली. कारखान्यांचा पैसाही येथे पुन्हा आला, हे मान्य केले पाहिजे. पैसा वाईट नाही. तो एकटाच खांब असला म्हणजे धोका.

या खेळावर आक्षेप आहेत आणि ते टाळून चालणार नाही. आवाज, धूर आणि अपघात. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात या गाड्यांवर बंदी घालण्याचा निर्णय २००० मध्ये झाला. वर्षानुवर्षे कोर्टकचेऱ्या होऊन शेवटी मोजक्या आणि कमी धुराच्या गाड्यांनाच मुभा राहिली. याच सुमारास, २००० मध्ये, अभियंत्यांच्या संस्थेने महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी एक निराळीच स्पर्धा सुरू केली. बाजारातली गाडी घ्यावयाची आणि तिची चाल न घालविता आवाज आणि धूर कमी करून दाखवावयाचा. २००३ पासून ही स्पर्धा मिशिगनमध्ये होऊ लागली, आणि पुढे तीत विजेवरच्या गाड्यांसाठीही वेगळा गट आला. सुरक्षिततेसाठी चालकाच्या अंगाला दोरी असते. तो पडला की दोरी सुटते आणि इंजिन बंद पडते. धोका याने संपत नाही, कमी होतो. ज्याने कारखान्यात यंत्राला संरक्षक जाळी बसविण्यासाठी भांडण केले आहे त्याला या दोरीची किंमत ठाऊक आहे.

सर्वांत मोठा आक्षेप मात्र हवेनेच घेतला आहे. हिवाळे उबदार होत चालले आहेत. २०२३-२४ च्या हिवाळ्यात मिनेसोटा आणि विस्कॉन्सिनच्या वाटा मोठ्या प्रमाणात कोरड्याच राहिल्या. जगभरचा खप १९९७ च्या सुमारास वर्षाला अडीच लाखांच्या घरात होता, तो अलीकडे निम्म्यावर आला. १९६८ पासून या धंद्यात असलेल्या यामाहाने २०२३ मध्ये निवृत्ती जाहीर केली. २०२४ च्या डिसेंबरमध्ये आर्क्टिक कॅटच्या मालक कंपनीने बर्फगाड्यांचे उत्पादन थांबविण्याचे जाहीर केले आणि थीफ रिव्हर फॉल्सवर १९८१ ची छाया पुन्हा पडली. २०२५ मध्ये कंपनीच्याच एका जुन्या अधिकाऱ्याच्या पुढाकाराने नव्या मालकांनी ती घेतली. पण मधल्या त्या महिन्यांत, भर हिवाळ्यात, कामगारांच्या घरांत काय विचार चालले असतील हे आम्हाला कोणी सांगावयास नको. कारखान्याच्या दारावर लागलेली नोटीस कोणत्याही भाषेत सारखीच वाचली जाते.

शर्यतीची आवड वाढल्याने असा कारखाना वाचतो काय? एकट्या शर्यतीने वाचत नाही. तसे सांगणे ही फसवणूक होईल. पण आवड टिकली तर जुन्या गाड्या दुरुस्त होत राहतात, सुटे भाग लागतात, मेकॅनिकच्या हाताला काम राहते, खाणावळीच्या चुलीत हिवाळ्यातही जाळ असतो, आणि नवा मालक गावात पाऊल टाकतो तेव्हा त्याला मृत धंदा दिसत नाही. बर्फ पडला नाही तरी थंडी असेल तर पाणी मारून धावपट्टी गोठविता येते. ईगल रिव्हरची पद्धत म्हणूनच आज अधिक उपयोगाची ठरली आहे. आणि थंडीही नसेल तर गवत आहेच.

आपल्या देशात बर्फगाडी दिसते ती गुलमर्गला प्रवाशांना फिरविताना किंवा सैन्याच्या उंचावरच्या ठाण्यांवर. तेव्हा आपल्यापैकी कोणी ही शर्यत भरवावी असा आमचा आग्रह नाही. आमचे मागणे निराळे आहे. आपल्या गावातही एखादा आखाडा, एखादे नाट्यमंडळ, एखादी जुनी स्पर्धा ओस पडली असेल. ती पुन्हा उभी करावयाची तर आपण प्रथम देणगीदार शोधावयास निघतो. देणगीदार जरूर शोधावा. पण त्याआधी चार गोष्टींचा विचार करावा. गरिबाला भाग घेता येईल इतका खर्च कमी आहे काय? जुन्या जाणत्यांना मानाची जागा आहे काय? मुलांसाठी वेगळा वर्ग आहे काय? आणि भल्या पहाटे उठून मैदान आखणारी दहा माणसे आहेत काय? या चार प्रश्नांना ‘होय’ म्हणता आले तर देणगीदार उद्या निघून गेला तरी घाबरण्याचे कारण नाही.

ही व्याख्यानमालाही वर्गणीवर आणि स्वयंसेवकांच्या श्रमावरच चालते. खुर्च्या मांडणारी पोरे मागे उभी आहेत. कार्यक्रम संपल्यावर खुर्च्या उचलताना त्यांना दोन हात जास्त मिळाले तर बरे होईल, एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो.